बांध नेमका किती कोरला?

राखेच्या बुधवारी सकाळच्या लोकलमध्ये वसईला चढणाऱ्या बऱ्याच जणांच्या कपाळावर राखेचा छोटा क्रूस असतो. मग चर्चगेटच्या एखाद्या ऑफिसात दरवर्षी कोणीतरी काळजीने सांगतंच, ‘‘अहो, कपाळाला काहीतरी लागलंय, पुसा.’’ लागलेलं नसतं, लावून घेतलेलं असतं. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेल्या झावळ्या आम्ही घरातल्या क्रुसामागे खोचून ठेवतो. त्या परत गोळा करून जाळतात आणि तीच राख फादर कपाळावर लावतात. तिथपासून ईस्टरपर्यंत आमचा उपवासकाळ. नगरकडची प्रोटेस्टंट मंडळी त्याला लेंट म्हणतात. कॅलेंडर घेऊन मोजलंत तर दिवस ४६ भरतात. मधले सहा रविवार उपवासाचे धरत नाहीत, म्हणून ४०. २०२६ चा हा काळ १८ फेब्रुवारीला सुरू होतो आणि ईस्टर ५ एप्रिलला येतो.

या दिवसांत काय सोडतात हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असतं. कोणी मटण-कोंबडी सोडतं, कोणी दारू, कोणी टीव्हीवरच्या मालिका. लग्नं शक्यतो निघत नाहीत. पण या काळातलं सगळ्यात अवघड काम बाहेरून दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्यातलेही पुष्कळजण ते ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यापर्यंत पुढे ढकलत राहतात. ते काम म्हणजे कन्फेशन. चर्चच्या नोटीस बोर्डावर ‘पापनिवेदन’ असं छापलेलं असतं, गोव्याची माणसं कुमसार म्हणतात, आमच्या घरात कन्फेशनच.

मी निवृत्त शिक्षिका. रविवारी मिस्सा म्हणजे उपासना झाली की धर्मशिक्षणाच्या वर्गात पहिल्या कम्युनियनची, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची, मुलं माझ्याकडे असतात, तिसरी-चौथीतली. कम्युनियनच्या आधी त्यांचं पहिलं कन्फेशन व्हावं लागतं आणि त्याची तयारी मी करून घेते. माझी स्वतःची पापं या लेखात सापडणार नाहीत, त्यांची जागा वेगळी आहे आणि तिथे मी जाते. पण कबुली देताना माणूस कुठे अडतो, कशी पळवाट काढतो, ते आठ वर्षांच्या मुलांकडे पाहून जितकं कळतं तितकं मोठ्या ग्रंथांतून कळत नाही.

मुलांना मी एक कागद देते. आठवून लिहा म्हणते, कन्फेशन झालं की घरी जाऊन फाडून टाका. एका वर्षी बाकावर शेजारी बसणाऱ्या दोघी मैत्रिणी कागद लपवेनात, माझ्यासमोरच त्यांनी ताडून पाहायला सुरुवात केली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं सारखं. त्यात ‘मी लहान भावाला मारलं’ हेही दोघींच्या कागदावर. त्यातल्या एकीला भाऊच नाही. विचारलं तर म्हणाली, ‘‘टीचर, माझी पापं तीनच होत होती. तिची पाच होती.’’

हसण्यासारखं आहे, पण मोठ्यांचं कन्फेशन पुष्कळदा असंच असतं. तयार यादी. दर वर्षी तीच. प्रार्थनेत लक्ष नव्हतं, रागावलो, खोटं बोललो, वाईट विचार मनात आले. यातलं प्रत्येक वाक्य खरं असतं आणि कुणाच्याही तोंडी शोभतं, तिथेच सगळी गोम आहे. माझ्या तोंडून निघालेलं वाक्य माझ्या शेजारणीलाही जसंच्या तसं लागू पडत असेल, तर मी अजून काहीच सांगितलेलं नाही.

हिंदी सिनेमामुळे कन्फेशन म्हटलं की लोकांना एक अंधारी लाकडी पेटी आठवते, मध्ये जाळी, पलीकडे पांढऱ्या झग्यातला म्हातारा फादर आणि अलीकडे खून करून आलेला नायक. पेटी खरी आहे, पण ती फार जुनी नाही. मिलानचे आर्चबिशप कार्लो बोरोमेओ यांनी १५७७ मध्ये चर्चची बांधणी आणि सामानसुमान कसं असावं याचं एक पुस्तक काढलं, त्यात कन्फेशनच्या आसनाची रचना तपशिलाने सांगितली. फादर आणि कन्फेशनला आलेली व्यक्ती यांच्यामध्ये आडोसा असावा, हा मुख्य मुद्दा. विशेषतः बायका येत तेव्हा कोणाला बोलायला जागा राहू नये म्हणून. त्याआधी फादर चर्चमध्ये खुर्चीवर उघड्यावर बसत आणि माणूस बाजूला गुडघे टेकून हळू आवाजात बोले.

त्याच्याही मागे गेलं तर चित्र अजून वेगळं. पहिल्या काही शतकांत खून, व्यभिचार, छळाच्या भीतीने धर्म नाकारणं अशा मोठ्या पापांसाठी जाहीर प्रायश्चित्त असे आणि बहुधा आयुष्यात एकदाच. असे लोक प्रार्थनेच्या वेळी वेगळे उभे राहत, वर्षानुवर्षं कम्युनियन घेऊ शकत नसत. रोममध्ये ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी त्यांना पुन्हा समाजात घेत. राख मूळची त्यांची. आज सगळ्यांच्याच कपाळाला लागते. खाजगीत, पुन्हा पुन्हा करता येणारं कन्फेशन पश्चिम युरोपात रुजलं ते सहाव्या-सातव्या शतकात आयर्लंडच्या मठवासीयांमुळे. त्यांच्याकडे चक्क दरपत्रकं होती: अमुक पापाला इतके दिवस भाकरी-पाणी. मग १२१५ मध्ये चौथ्या लॅटरन परिषदेने नियम केला की जाणत्या वयाच्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी कन्फेशन करावं आणि ईस्टरच्या सुमाराला कम्युनियन घ्यावं. उपवासकाळात आमच्या चर्चबाहेर लागणाऱ्या रांगेचा उगम तिथे आहे. १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने हेच पक्कं केलं. १९७३ मध्ये नवा विधी आला आणि आता जाळीऐवजी समोरासमोर बसूनही बोलता येतं. आमच्याकडे म्हातारी माणसं अजून जाळीच पसंत करतात. कॉलेजची मुलं समोर बसतात आणि नजर मात्र खाली ठेवतात.

आता नियमातली एक ओळ मला इथे काढायची आहे. कॅथलिक चर्चच्या कायद्यातलं ९८८ वं कलम म्हणतं की गंभीर पापं प्रकार आणि संख्या यांसह सांगावीत. म्हणजे काय केलं आणि किती वेळा. बाहेरच्या माणसाला हे सरकारी फॉर्मसारखं वाटेल. आमच्यातल्या शिकलेल्या लोकांनाही वाटतं. देव काय आकडे मोजत बसलाय का, असं ते विचारतात. देव मोजत नसेल. पण मला हा सगळ्या विधीतला सर्वांत शहाणा नियम वाटतो, कारण तो माणसाच्या गोल गोल बोलण्यावर नेमकं बोट ठेवतो.

आमच्याकडे उपवासकाळात पॅरिशमध्ये रिट्रीट असते, तीन-चार संध्याकाळी बाहेरून आलेले फादर प्रवचनं देतात. त्यातल्या एकांनी एकदा व्यासपीठावर एक काल्पनिक शेतकरी उभा केला आणि दोन्ही आवाज स्वतःच काढले. शेतकरी म्हणतो, ‘‘फादर, भावावर प्रेम करण्यात मी कमी पडलो.’’

‘‘म्हणजे काय केलंस?’’

‘‘त्याचं मन दुखावलं.’’

‘‘कशावरून?’’

‘‘असंच, जमिनीवरून.’’

‘‘जमिनीचं काय?’’

‘‘जरा बांध कोरला.’’

‘‘जरा म्हणजे किती?’’

‘‘दरवर्षी वीतभर.’’

‘‘किती वर्षं?’’

‘‘बाबा गेल्यापासून.’’

‘‘बाबा कधी गेले?’’

तेव्हा कुठे हिशेब निघाला: भावाच्या वाडीतली केळीची एक अख्खी ओळ आता याच्या बाजूला होती. मंडपात हशा पिकला. सगळेच हसले नाहीत, हे मी मागे बसून पाहिलं. वसईत वाड्या आणि सातबारे यांवरून भाऊ-भाऊ बोलायचे थांबलेले आहेत, जमिनीला बिल्डरचा भाव आल्यापासून तर जास्तच.

‘प्रेमात कमी पडलो’ आणि ‘वीतभर बांध कोरला’ ही एकाच गोष्टीची दोन सांगणी आहेत. पहिलं ऐकायला जास्त भक्तिभावाचं वाटतं, आणि तेच खोटं आहे. त्यात बोलणारा जरा चांगला दिसतो; ज्याचं प्रेम कमी पडलं तो काही चोर नव्हे. दुसऱ्यात तो चोर आहे. प्रामाणिक कन्फेशन म्हणजे मोठ्या आवाजात रडणं नव्हे, छाती बडवणं नव्हे. घडलेली गोष्ट घडली त्या मापाने सांगणं, एवढंच. वीत असेल तर वीत. हात म्हणू नये, आणि बोटभरही म्हणू नये.

मोठं करून सांगण्यातही खोटेपणा असतो, हे लोकांना पटकन पटत नाही. इग्नेशियस लोयोला या स्पॅनिश सरदाराचं उदाहरण मी देते, ज्यांनी पुढे येशूसंघ म्हणजे जेझुइट संघ काढला. १५२२ मध्ये मोन्सेरातच्या मठात त्यांनी सगळ्या आयुष्याचं कन्फेशन लिहून काढून केलं, त्याला तीन दिवस लागले. झालं, सुटलो, असं व्हायला हवं होतं. पण नंतर मानरेसा गावी राहत असताना शंकांनी त्यांचा पिच्छा पुरवला: हे सांगायचं राहिलं, ते नीट सांगितलं नाही. पुन्हा कन्फेशन, पुन्हा शंका. जीव द्यावा इथपर्यंत विचार गेले. शेवटी त्यांनी ठरवलं की मागचं एकही पाप पुन्हा उकरायचं नाही. मार्टिन ल्यूथर यांचंही तरुणपणी मठात असंच व्हायचं, तासन्तास कन्फेशन चालायचं आणि ऐकणारे श्टाउपिट्झ कंटाळून जायचे. स्वतःची पापं सारखी चाळत बसणारा माणूस देवाकडे बघत नसतो, आरशात बघत असतो. तो आरसा काळा असला म्हणून काय झालं.

त्याच इग्नेशियसनी पुढे एक साधी युक्ती काढली, १५४८ मध्ये छापलेल्या त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात ती आहे. एका वेळी एकच खोड धरायची. समजा, टोचून बोलणं. कागदावर आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी रेघा ओढायच्या आणि दुपारी एकदा, रात्री एकदा मागचे तास आठवून जितक्या वेळा चूक झाली तितके ठिपके रेघेवर द्यायचे. आज कालपेक्षा, हा आठवडा मागच्यापेक्षा, असं ताडून पाहायचं. पुस्तकात त्या रेघा छापलेल्या आहेत आणि त्या दिवसागणिक आखूड होत जातात. माणसाबद्दल एवढा विश्वास मला आवडतो. दूधवाल्याच्या हिशेबाची खूण कॅलेंडरवर करणाऱ्या कुठल्याही बाईला ही पद्धत शिकवावी लागत नाही.

रात्रीच्या प्रार्थनेत घरच्या घरी कबुली द्यायची तर मी मुलांच्या आयांना सांगते की दहा आज्ञांची यादी घेऊन बसू नका, घरातल्या जागा घ्या. स्वयंपाकघर, ओटी, वाडी, बाजार, बँक, फोन. फोनवर आज मी काय पुढे पाठवलं आणि ते खरं आहे का पाहिलं होतं का? बाजारात सुटे जास्त आले तेव्हा गप्प बसले का? कामवालीच्या खाड्याचे पैसे कापले, आणि मी तिला घरी जायला उशीर करवला त्याचे दिले? जागेपाशी गेलं की गोष्ट आपोआप डोळ्यांसमोर येते. ‘नम्रता’, ‘संयम’ असे शब्द घेऊन बसलं की झोप येते.

न केलेल्या गोष्टीही यात येतात. मिस्साच्या सुरुवातीला आम्ही सगळे मिळून एक कबुलीची प्रार्थना म्हणतो, त्यात विचार, शब्द आणि कृती यांच्या जोडीला ‘करायला हवं होतं ते न करणं’ हेही आहे. जुन्या लॅटिन प्रार्थनेत हा चौथा भाग नव्हता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९७० च्या मिस्सा-ग्रंथात तो आला. माझ्या आजीच्या पिढीने ती प्रार्थना त्याच्याशिवायच म्हटली. लहानशी भर आहे, पण म्हातारपणी आईला न केलेला फोन त्यात बसतो.

बायबलमधली कबुलीची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट राजा दाविदाची. उरिया नावाच्या आपल्या सैनिकाची बायको बथशेबा त्याने आणवून घेतली आणि प्रकरण अंगाशी येतंय म्हटल्यावर उरियाला लढाईत अशा ठिकाणी उभं करवलं की तो मरावा. नाथान संदेष्टा दरबारात आला, पण त्याने आरोप केला नाही. एक गोष्ट सांगितली: एका श्रीमंताकडे पुष्कळ मेंढरं, एका गरिबाकडे एकच कोकरू, पोटच्या पोरासारखं वाढवलेलं, श्रीमंताकडे पाहुणा आला आणि त्याने गरिबाचं कोकरू कापलं. दावीद संतापला, त्या माणसाला सोडायचं नाही म्हणाला. तो माणूस तूच, असं नाथानाने सांगितलं. दुसऱ्याचं पाप ओळखायला दाविदाला क्षण लागला नाही. न्यायबुद्धी शाबूत होती, फक्त तिचं तोंड बाहेरच्या बाजूला होतं.

यानंतर दाविदाने केलेली प्रार्थना म्हणून स्तोत्रसंहितेतलं ५१ वं स्तोत्र परंपरेने ओळखलं जातं. राखेच्या बुधवारी ते म्हणतात, आणि फादर-सिस्टर वर्षभर दर शुक्रवारी सकाळच्या प्रार्थनेत ते म्हणत असतात. शुद्ध हृदय मागणारी ती प्रार्थना जगभर पाठ आहे, मलाही आहे. तरीही एक गोष्ट मला टोचते आणि वर्गात मी ती लपवत नाही. स्तोत्राच्या शीर्षकात नाथानाचं नाव आहे, बथशेबेचं आहे; उरियाचं शीर्षकात नाही आणि स्तोत्रातही नाही. देवाशी सगळं मोकळं बोललेला राजा मेलेल्या माणसाचं नाव घेत नाही. मोठमोठ्या भाष्यकारांनी याची उत्तरं दिली असतील. मला मात्र वाटतं, जी नावं आपण प्रार्थनेत टाळतो तिथेच थांबायला हवं.

याच्या उलट उधळ्या पुत्राची गोष्ट. बापाकडून वाटणी घेऊन परमुलखात गेला, सगळं उडवलं, डुकरं राखायची वेळ आली. घरी परतण्याआधी तो बापाला काय म्हणायचं ते मनात घोकतो. त्या घोकलेल्या दोन-चार वाक्यांत काय नाही ते पाहा. ही गोष्ट लिहिणाऱ्या लूकने आधीच सांगून ठेवलंय की त्या देशात मोठा दुष्काळ पडला होता. म्हणजे सबब तयार होती आणि खोटीही नव्हती. मुलगा दुष्काळाचा उल्लेखच करत नाही. मित्रांनी नादाला लावलं असंही म्हणत नाही. मी पाप केलं, इतकंच. आणि गंमत अशी की बाप ते भाषण पुरतं होऊही देत नाही; चाकर म्हणून ठेवा हे शेवटचं वाक्य तोंडातच राहतं आणि बापाची झगा, अंगठी, जोडे आणायची लगबग सुरू होते.

दुष्काळाची सबब न देणं फार कठीण. कन्फेशनला आलेले लोक स्वतःचं सोडून दुसऱ्याचंच सांगतात, अशी फादरांची सर्वसाधारण तक्रार प्रवचनांतून ऐकू येते. सून कशी उलटून बोलते, नवरा कसा पितो. एक जुने फादर म्हणायचे, ‘‘बाई, तिचं कन्फेशन झालं, आता तुमचं करू या.’’

मुलांना कन्फेशनच्या पाच पायऱ्या पाठ असतात: आठवणं, वाईट वाटणं, पुन्हा न करण्याचा निश्चय, सांगणं, आणि दिलेलं प्रायश्चित्त करणं. पाठ असलं म्हणजे कळतं असं नाही. म्हणून मी त्यांना शाळेतून माहीत असलेल्या माणसाची गोष्ट सांगते. गांधीजी पंधरा वर्षांचे असताना भावावर पंचवीसेक रुपयांचं कर्ज झालं होतं, ते फेडायला भावाच्याच सोन्याच्या कड्याचा तुकडा त्यांनी काढला. मन खाऊ लागलं. तोंडाने सांगायचं धैर्य होईना म्हणून चिठ्ठी लिहिली आणि आजारी वडिलांच्या हातात स्वतः नेऊन दिली. चिठ्ठीत चोरीची कबुली होती, शिक्षा मागितली होती, पुन्हा चोरी करणार नाही असा शब्द होता. वडील उठून बसले, वाचलं, डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी चिठ्ठी फाडली. पाचही पायऱ्या त्यात आहेत, चर्चचा काही संबंध नसताना. फाडलेली चिठ्ठी मुलांना लगेच कळते, कारण त्यांच्या खिशात तसाच कागद असतो.

सांगायला माणूसच कशाला लागतो, देव ऐकतोच की, असं माझ्या हिंदू मैत्रिणी विचारतात. प्रोटेस्टंट नातेवाईकही हेच विचारतात. त्यांच्याकडे उपासनेत सगळे मिळून कबुलीची प्रार्थना म्हणतात आणि बाकीचं ज्याचं त्याने देवापाशी. ल्यूथर यांनी मात्र खाजगी कन्फेशन मोडीत काढलं नव्हतं, त्याची सक्ती काढली. माझं उत्तर पुस्तकी नाही. मनातल्या मनात मी वीतभराचं बोटभर करते आणि मला कळतही नाही. दुसऱ्या माणसासमोर मोठ्याने म्हणताना ते वाक्य आपल्याच कानांवर पडतं. जैन शेजाऱ्यांच्या प्रतिक्रमणात आणि गुरूपुढच्या आलोचनेत हीच जाण असावी. केरळच्या सुरियानी चर्चमध्ये मोठ्या उपवासाच्या पहिल्या सोमवारी शुब्कोनो नावाचा विधी असतो, त्यात माणसं आधी एकमेकांची क्षमा मागतात आणि मग उपवासाला लागतात.

सांगितलेलं बाहेर जाणार नाही याची मात्र खात्री हवी. चर्चच्या कायद्यात कन्फेशनचा शिक्का अभंग आहे. जाणूनबुजून गुपित फोडणारा फादर त्या कृत्यानेच चर्चमधून बहिष्कृत होतो. ऐकलेली गोष्ट पुढे रस्त्यात भेटल्यावर त्याच माणसाकडे काढायचीही त्यांना मुभा नाही. तरी विश्वासघात होतच नाही असं मी म्हणणार नाही. २०१८ मध्ये केरळात कन्फेशनमध्ये सांगितलेल्या गोष्टीचा धाक घालून एका स्त्रीचा छळ केल्याचे आरोप काही धर्मगुरूंवर झाले आणि राष्ट्रीय महिला आयोगाच्या अध्यक्षांनी कन्फेशनची प्रथाच बंद करावी अशी शिफारस केली. केरळातल्या चर्चेसनी तिला कडाडून विरोध केला. प्रथा बंद करणं मलाही मान्य नाही, पण ‘असं होऊच शकत नाही’ म्हणणारेही मला मान्य नाहीत. गोव्यात १५६० मध्ये आलेलं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, १८१२ मध्ये कायमचं गेलं, मधल्या काळात त्याचा वचक वसईपर्यंत होता. भीती घालून काढलेली कबुली कसली असते हे आमच्या पूर्वजांनी पाहिलेलं आहे. आपखुशीने गेलं तरच ते कन्फेशन.

दुसरं टोक केडगावचं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात १९०५ च्या जूनमध्ये मुली प्रार्थनेत ढसाढसा रडत मोठमोठ्याने पापांची कबुली देऊ लागल्या, आणि ते लोण दिवसेंदिवस पसरलं. त्या दुष्काळातून, वैधव्यातून आलेल्या मुली होत्या. त्यांच्या रडण्याबद्दल शंका घ्यायचा मला अधिकार नाही. पण शंभर माणसं रडत असताना रडू येणं वेगळं आणि मंगळवारी संध्याकाळी एकट्याने रांगेत उभं राहणं वेगळं. मला रांग बरी वाटते.

पवित्र आठवड्याच्या आधी आमच्याकडे आजूबाजूच्या पॅरिशमधले फादर एकत्र येतात, चर्चच्या कोपऱ्याकोपऱ्यात खुर्च्या टाकून बसतात. कोणाची रांग लांब होते ते पाहण्यासारखं असतं. आपल्या फादरांपुढे कोणी नसतं, कारण ते उद्या घरी जेवायला येणार असतात. कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्या फादरांपुढे तरुण पोरांची गर्दी. मग ते मोठ्याने ‘‘काय?’’ विचारतात आणि मागची रांग दोन पावलं आपणहून मागे सरकते. आत फार वेळ लागत नाही. क्रुसाची खूण, मागचं कन्फेशन कधी झालं ते, मग पापं, मग फादरांचे दोन शब्द आणि प्रायश्चित्त म्हणून तीन ‘नमो मरिया’ किंवा एखादं स्तोत्र. पापक्षमेचे शब्द ते म्हणतात आणि आपण उठतो.

पण चोरी असेल तर तेवढ्यावर सुटका नाही. जे घेतलं ते परत केलं पाहिजे, हा नियम ‘नमो मरिया’ने मिटत नाही. यरीहोच्या जक्कय जकातदाराने येशूला घरी उतरवून घेतलं तेव्हा फसवलेल्यांना चौपट देईन असं जाहीर केलं. रिट्रीटच्या त्या फादरांनाही प्रवचन संपल्यावर कोणीतरी मागून विचारलं होतं, मग त्या शेतकऱ्याने काय करायचं? फादर मूळचे वाडीवाल्याच्याच घरचे. म्हणाले, ‘‘आधी भावाला चहाला बोलवायचं. मग दोघांनी मिळून मोजणीचा अर्ज करायचा, भूमी अभिलेखच्या ऑफिसात. मोजणीची फी भावाने नाही, ज्याने कोरला त्याने भरायची. आणि केळीचे घड निघालेले असतील तर ते कापून घेऊ नये, ओळीसकट द्यावे.’’